आधी सांगा, गाडी चालवताय का?

संपादकांचा फोन आला तेव्हा मी पहिलं विचारलं, "गाडी चालवताय का?"

"नाही हो, ऑफिसात बसलोय."

"मागे हॉर्न वाजतोय."

"खिडकी उघडी आहे, हवालदार."

"मग ती लावा आणि बोला."

त्यांनी खिडकी लावली. लागल्याचा आवाज माझ्या कानाने ऐकला, तेव्हा कुठे मी दिवाळी अंकासाठी लिहायचं कबूल केलं. त्यानंतर संध्याकाळभर मला शंका खात होती, की महाड-पोलादपुरात एवढे वकील-मास्तर पडलेले असताना या माणसाला माझाच लेख कशाला हवा? याची एखादी जुनी पावती माझ्या हातची तर नाही ना? बायको म्हणाली, "अहो, माणूस प्रेमाने लेख मागतोय. लिहा की गप." तिचं म्हणणं असं, की मी देवळात गेलो तरी आधी पुजाऱ्याच्या हातात काय आहे ते बघतो. खोटं नाही ते. नोकरीने लागलेली खोड आहे, पेन्शनबरोबर घरी आली.

मी वाहतूक हवालदार होतो. काही वर्षं पोलादपूरला हायवेवर आणि शेवटची वर्षं वरंधच्या रस्त्यावर, घाट सुरू व्हायच्या अलीकडच्या चौकीत. नोकरीत सगळं केलं, पण माझं नाव झालं ते एकाच कामात. गाडी चालवताना मोबाइल बघणारा माणूस मी लांबून ओळखत असे. लोक मला 'मोबाइल सकपाळ' म्हणायचे. मागून म्हणायचे, पण मला ऐकू यायचं.

ते ओळखायला दुर्बीण लागत नाही. सरळ रस्त्यावर, पुढे काही नसताना गाडी आपोआप हळू होते. मग ती कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे सरकत जाते आणि एकदम दचकून सरळ होते. ड्रायव्हरची मान जेवताना ताटाकडे जावी तशी खाली जाते, वर येते, खाली जाते. मोटरसायकलवाला असेल तर त्याची मान खांद्यावर पडलेली असते. आणि पोलीस दिसला की सगळ्यांचं एकच. फोन मांडीखाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, नजर समोर. इतका सभ्य माणूस आपल्या रस्त्यावर असतच नाही. असा दिसला की मी हमखास हात करत असे.

कायदा सोपा आहे. हातात फोन घेऊन गाडी चालवणं म्हणजे धोकादायक चालवणं. बोललात काय, लिहिलंत काय, नुसता बघितलात काय, एकच. पूर्वी दंड किरकोळ होता, लोक हसत भरायचे. नंतर कायदा बदलला, दंड वाढला, आणि परिवहन खात्याला लायसन निलंबित करता येऊ लागलं. तेव्हा हसणं बंद झालं. सूट एकच, रस्ता शोधायला नकाशा बघायची. ती सूट आल्यापासून जो तो नकाशाच बघू लागला. माझ्या शेजारच्या गावचा एक बाबा पोलादपूरहून घरी निघालेला, त्याला मी फोनवर टाइप करताना धरला. म्हणे, "रस्ता बघत व्हतो." म्हटलं, "अरे, तुझ्या गावाला रस्ता एकच आहे, आणि तो तुझ्या दारातच संपतो. बघतोस काय?"

गणपतीच्या आधीचे दिवस म्हणजे तर आमची परीक्षा. मुंबईहून सगळं कोकण खाली उतरतं आणि प्रत्येकाला बाकी सगळ्यांना काहीतरी कळवायचं असतं. एकदा एक गृहस्थ, शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली गणपतीची मूर्ती, आणि ह्यांची मूठ कानाला. काच खाली घ्यायला लावली. म्हणाले, "कान खाजवत होतो." तेवढ्यात त्यांच्या मुठीतून बाईचा आवाज आला, "अहो, नारळ घेतलेत का? ऐकताय ना?" मी वाकून मुठीला सांगितलं, "नारळ घेतलेत वहिनी, आता पावती घेतायत." गृहस्थ चिडायच्या ऐवजी हसले. मला त्यांच्या हसण्याचाही संशय आला, मी डिकी उघडायला लावली. डिकीत खरोखर नारळच होते.

दुसरी जात म्हणजे फोन आपल्यापुढे धरणारे. "बोला, साहेब आहेत लाइनवर." कुठले साहेब, ते सांगायचे नाहीत. मी तो फोन कधी हातात घेतला नाही. "मी ड्यूटीवर मोबाइल वापरत नाही," असं म्हणायचो. हे वाक्य मला फार आवडायचं. चारचौघांत दोन-दोनदा म्हणायचो. आता त्या वाक्याबद्दलच सांगायचं आहे.

वरंधच्या वर डोंगराच्या सोंडेवर एक वाडी आहे. वाडीचं खरं नाव लिहीत नाही, सोंडेवाडी म्हणू. वीस-पंचवीस घरं, निम्मी माणसं मुंबईत. एसटी वाडीपर्यंत जात नाही. वाडीची एकच गाडी, गणू उतेकरची जीप. सकाळी ती वाडीतून खाली महाडला येणार, दुपारी परत वर. दवाखाना, बाजार, कॉलेज, तहसील, सगळं त्या जीपमधून. ती जीप बंद म्हणजे वाडीला तासाभराहून जास्त पायपीट, तीही उताराची, पावसात निसरड्याची.

वाडीत मोबाइलला रेंज नाही. रेंज येते ती खाली उतरताना एका वळणावर, जिथे काटेसावरीचं मोठं झाड आहे आणि दरी महाडच्या बाजूला उघडते. त्याला सावरीचं वळण म्हणतात. वळण वाईट आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा, गाडी बाजूला घ्यायला वीतभर जागा नाही.

मी त्या चौकीत नवा आलो तेव्हा उन्हाळा होता. दोन-तीन सकाळी मी नुसतं फिरून बघितलं. गणूची जीप त्या वळणावर रोज हळू व्हायची आणि त्याची मान खाली जायची. रोज, त्याच जागी! मी मनात म्हटलं, हा पक्का मुरलेला आहे. चौथ्या दिवशी सावरीमागे उभा राहिलो, चलनाचं मशीन घेऊन. जीप आली, मान खाली गेली, मी पुढे आलो.

"साहेब, निस्तं बघितलं," गणू म्हणाला. चाळिशीचा, हडकुळा, बोलताना खाली बघणारा माणूस. खाली बघून बोलणाऱ्यावर मी दुप्पट संशय घेतो.

"बघणं पण धरतात."

त्याने मुकाट्याने सही केली. महिन्याभराने मी त्याला परत तिथेच धरला. या वेळी जीपमधून भलताच आवाज आला. एक फोन टुणकला, मग दुसरा, मग तिसरा, मग एकदम दहा-बारा. भजनाच्या टाळांसारखा सगळ्या जीपभर टुणटुणाट. आवाज येत होता सीटखालच्या कापडी पिशवीतून. पिशवी उघडली. आत चौदा मोबाइल!

आता सांगा, पोलिसाच्या मनात काय येईल? माझ्या मनात तेच आलं. मी जीप वळणाच्या खाली उतारावर आणायला लावली, सगळ्यांना उतरवलं आणि पिशवी बोनेटवर ओतली.

"कुठून आणलेस?"

"वाडीतनं."

"चौदा?"

"चौदा घरचे हायेत साहेब."

मागच्या सीटवरून उतरलेली एक बाई पुढे आली. डोक्यावर टोपली, टोपलीत भाजी. भागाबाई तिचं नाव, महाडच्या बाजारात बसायची. गणू तिला भागावयनी म्हणायचा. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत. ती म्हणाली, "त्यो लाल दोरावाला माझा हाय. पट्टी मारलेला सोनूच्या आयशीचा. हवालदार, वाडीत रेंज नाय ना, म्हणून फोन खाली धाडतो आमी. रातच्याला बोलून ठेवलेलं हितं आपसूक सुटतं, आन् पोरांचं मुंबईचं हितं येऊन पडतं. दुपारी फोन घरी. यात चोरी कुठं आली गो बाय?"

"मी तुमच्याशी बोललो का?" मी म्हटलं.

"नाय. म्हणून तर मी बोलले."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. चौदाच्या चौदा फोन चौकीत ठेवून घेतले आणि मालकांना ओळख पटवायला बोलावलं. ज्यांना रोज जीपमधून खाली यायचं, ती माणसं आपापला फोन सोडवायला दोन दिवस येत राहिली. प्रत्येकाने फोन उघडून दाखवला. कुणाच्या फोनवर नातवाचा फोटो, कुणाच्या बैलाचा. कुणी रागावलं नाही. ते मला जास्तच खटकलं. राग न येणारी माणसं काहीतरी लपवत असतात, असं मला तेव्हा वाटायचं.

गणूला मी बजावलं, "दोन झाले. तिसऱ्यांदा सापडलास तर लायसनचा प्रस्ताव पेणला आरटीओकडे पाठवीन."

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "साहेब, लायसन गेलं तर वाडी खाली कशी येईल?"

"हा विचार फोन बघताना करायचा."

त्यानंतर तो सुधारला, हे मला कबूल करायला हवं. मी पाळतीवर राहिलो, पण पुढचा महिनाभर त्या वळणावर त्याची मान एकदाही खाली गेली नाही. तरी मला वाटायचं, याने काहीतरी नवी युक्ती काढली असणार.

मग पावसाळा आला. तळीये गाव दरडीखाली गेलं, तेव्हापासून आमच्याकडे पावसाळ्यात डोंगराकडे बघायची सगळ्यांची नजरच बदलली आहे. पावसाळाभर रोज सकाळी वरच्या ऑफिसातून विचारणा व्हायची, घाटाची स्थिती काय, कुठे दगड आले का, माती सरकली का, आठच्या आत कळवा. कळवायचं मी. म्हणजे पावसात मोटरसायकल काढून वर जायचं, बघायचं, यायचं. माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. आणि सकाळी वरून खाली येणारा माणूस कोण? गणू. तो डोंगराची सगळी वाट डोळ्यांनी बघतच यायचा.

मी त्याला चौकीत बोलावून सांगितलं, "सावरीच्या वळणावर रेंज आली की मला कळवायचं. घाट मोकळा आहे का नाही."

"तितं, साहेब?"

"मग कुठे? चौकीत येऊन सांगेपर्यंत आठ वाजून जातात."

 आता आठवतं, त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं होतं. पहिल्या दिवशी त्याने बोलून निरोप पाठवला, "रस्ता मोकळा हाय साहेब." मला ते पटलं नाही. उद्या वरून कोणी विचारलं तर मी काय आवाज ऐकवू? आणि बोललेलं माणूस नाकारतं, मी जन्मभर बघितलेलं. मी त्याला कळवलं, "तोंडी नको. लेखी पाठव."

हे मी लिहिलं. मोबाइल सकपाळने लिहिलं. सातवी शिकलेल्या माणसाला, जो एका बोटाने एक-एक अक्षर शोधत लिहितो, त्याला मी चालत्या गाडीतून लेखी मागितलं, आणि तेही अशा वळणावर जिथे गाडी थांबवली तर मागचा येऊन आदळेल. त्या वेळी मला यात काहीच चुकीचं दिसलं नाही. गाडी कुठे थांबवून लिहितोस, असं मी त्याला कधी विचारलं नाही. बाकी सगळं विचारायचो.

तीनेक आठवडे रोज सकाळी मेसेज येत होता. "रस्ता मोकळा." कधी "दगड बारीक." मी तो वर पाठवायचो, शाबासकी मला मिळायची.

त्या दिवशी धुकं होतं आणि बारीक पाऊस. पावणेआठ झाले तरी गणूचा मेसेज नाही. वरून दोनदा विचारणा झाली. मी चौकीत चहाचा कप घेऊन बसलो होतो. मी लिहिलं, "दरड? लगेच लेखी कळव."

थोड्या वेळाने दोन खुणा आल्या. मग त्या निळ्या झाल्या. म्हणजे जीप वळणावर आली, त्याने वाचलं. वर अक्षरं आली, 'टायपिंग'. मी बघत बसलो. टायपिंग थांबलं. परत सुरू झालं. परत थांबलं. मला राग आला. दोन शब्द लिहायला माणसाला एवढा वेळ लागतो? मी दुसरा मेसेज टाकला, "झोपलास काय?"

त्याच्याही खुणा निळ्या झाल्या, पण 'टायपिंग' परत आलं नाही.

मी चहा संपवला. हो, संपवला. मग वरून दूधवाला मोटरसायकलवर आला आणि चौकीच्या दारातून ओरडला, "हवालदार, गणूची गाडी कठड्यावर गेली!"

जीपचं पुढचं एक चाक कठड्याच्या बाहेर होतं. खाली धुकं, दरी दिसत नव्हती, एवढंच बरं. गणू दार आणि स्टिअरिंगच्या मध्ये, उजवा हात कोपराखाली मोडलेला. शुद्धीत होता. पावसामुळे त्या दिवशी जीपमध्ये एकच उतारू होता, भागाबाई. कपाळाला टेंगूळ आलेलं, आणि ती रस्त्यावर गुडघ्यावर बसून तवशी गोळा करत होती. तवशी म्हणजे आमच्याकडची पावसाळी मोठी काकडी. टोपली फुटलेली, तवशी रस्ताभर गडगडलेली.

दूधवाल्याच्या मदतीने मी गणूला बाहेर काढलं. मग पंचनाम्याच्या सवयीने जीपमध्ये डोकावलो. पिशवीतले फोन खाली सांडलेले. एक फोन ब्रेकच्या पायाशी पडला होता, त्याचा उजेड अजून चालू होता. मी उचलला. वर माझं नाव होतं, 'सकपाळ हवालदार'. खाली माझे दोन मेसेज. आणि त्याखाली, न पाठवलेलं, अर्धवट:

"रस्ता मोकळा हाय साहेब पन धुक"

मी मागे वळून बघितलं.  दूधवाला गणूला धरून उभा होता, त्याची पाठ माझ्याकडे. मी ती अक्षरं पुसली. मग माझे दोन मेसेज पुसले. मग वाटलं, नुसतं एवढं पुसलं तर मागचे दिसतील, म्हणून तीन आठवड्यांचे सगळे पुसले. माझ्या फोनमधलेही त्याच जागी उभं राहून पुसले. आयुष्यभर लोकांना पोलीस बघून मांडीखाली फोन लपवताना पकडलं, आणि मी तो भर रस्त्यात लपवला. बघायला पोलीस नव्हता एवढंच.

पंचनामा मीच लिहिला. 'चालकाचे लक्ष मोबाइलकडे असल्याने.' खोटं एक अक्षर नाही त्यात. भागाबाईचा जबाबही मीच घेतला.

"बाई, तुम्ही मागे बसला होतात ना?"

"म्होरं व्हते."

"धुक्यात तुम्हाला काही दिसलं नसेल."

तिने माझ्याकडे बघितलं. हातात तवसं होतं, त्याला लागलेली माती ती पदराने पुसत होती.  मी लिहिलं, 'मागील सीटवर बसले होते, काही पाहिले नाही,' आणि शाईचा डबा पुढे केला. तिने अंगठा उठवला. वाचून दाखवा, असंसुद्धा म्हणाली नाही. मी मनात म्हटलं, अडाणी बाई, सुटलो.

दवाखान्यात गणूजवळ मी एकटाच होतो. तो म्हणाला, "साहेब, कुणाचा मेसेज व्हता म्हणून इचारतील ना?"

"विचारतील."

"काय सांगू?"

"खरं ते सांग," मी म्हणालो, आणि तिथेच उभा राहिलो. जागचा हाललो नाही. पोलीस समोर उभा राहिला की माणूस काय बोलतो, हे मला पक्कं माहीत होतं.

गणू छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घरचा व्हता म्हणून सांगतो."

मी 'नको' म्हणालो नाही.

पेणला त्याची सुनावणी झाली, प्लॅस्टरमधला हात घेऊन आला होता. माझ्या आधीच्या दोन पावत्या कागदाला जोडलेल्या होत्या, त्यामुळे वेळ लागला नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, कुणाचा मेसेज? "घरचा." बस्स. लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित. परतीच्या वाटेत मी स्वतःची समजूत घालत होतो. कायद्यात वाचणाऱ्याला शिक्षा आहे, लिहिणाऱ्याला आहे, गाडीबाहेर बसून पाठवणाऱ्याला कलम नाही. मग मी गुन्हा केला कुठे? कलम शोधून मिळालं नाही याचा मला आनंद झाला होता. त्या आनंदाची मला आज लाज वाटते.

तीन महिने सोंडेवाडी पायी खाली उतरली. दुसरा ड्रायव्हर मिळाला नाही, तो रस्ता परक्या माणसाला नको असतो. कॉलेजच्या दोन मुली घरी बसल्या. एका म्हाताऱ्याला डोलीतून आणलेला मी चौकीतून बघितला. आणि रोज सकाळी भागाबाई यायची. डोक्यावर टोपली, टोपलीत तवशी आणि तवशांवर ती कापडी पिशवी, चौदा फोनांची. ती माझ्या चौकीच्या पायरीवर टेकायची, कारण तिथे रेंज चांगली. पाच मिनिटं सगळे फोन टुणटुण करायचे. मी आत कागदांत डोकं घालून बसायचो. निघताना ती खिडकीतून एक तवसं आत सरकवायची. "घ्या हवालदार."

पहिल्या दिवशी मी घाबरलो. हिला काय हवंय? मला वश करतेय? तवशात काही घातलं तर नाही? घरी बायकोने चिरलं, मी आधी टोक चाखून बघितलं. कडू नव्हतं. मग मी ठरवलं, दवाखान्यात नेलं म्हणून उपकार मानते बिचारी. या उत्तराने मला फार बरं वाटलं. ते मी धरून ठेवलं.

गणूचा हात बरा झाला, लायसन परत आलं, जीप सुरू झाली. मी निवृत्त होऊन महाडला घर केलं. तरी दर पावसाळ्यात जीप दाराशी थांबते आणि गणू एक तवसं देऊन जातो. "भागावयनीनं धाडलंय." आत येत नाही, चहा घेत नाही. बायको म्हणते, "किती माया बघा माणसांची."  मी नोकरीत हजारो माणसांवर संशय घेतला, चांगल्या भल्या माणसांची डिकी उघडली. या तवशावर मात्र मी दुसऱ्यांदा संशय घेतला नाही. आता कळतं, का घेतला नाही ते.

लेख लिहायचा ठरल्यावर मात्र हे पोटात राहीना. बाकीच्या गमती लिहून भागलं असतं, पण पेन तिथेच यायचं. शेवटी ठरवलं, गणूला विचारायचं. मी फोन केला. त्याने उचलला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी आपला नेहमीप्रमाणे, मुद्दाम उचलत नाही, असं ठरवून मोकळा झालो. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला.

"गाडी चालवतोयस का?" मी आधी विचारलं. त्या दिवसापासून मी सगळ्यांना हेच आधी विचारतो, संपादकांनासुद्धा.

"चालवीत व्हतो साहेब, म्हणून नाय उचलला. आता फाट्याला बाजूला घेतलीय. बोला."

मी बोललो. सगळं सांगितलं, पुसलेलं, लिहिलेलं, दवाखान्यात उभा राहिलो ते. म्हटलं, "गणू, हे मी छापायला देणार आहे. वाडीला कळेल. तुझी हरकत नाही ना?"

 "वाडीला ठावं हाय साहेब."

"काय ठावं आहे?"

"सगळंच. भागावयनी म्होरंच बसलेली ना. तुमचा मेसेज आला तवा मी तिला बोललो, हवालदाराला जवाब धाडतो, नायतर त्यो चिडतो. आन् तुम्ही माझा फोन घेऊन पुसत व्हता, ते बी तिनं बघितलं. तिनं त्याच सांजला वाडीत सांगितलं."

 म्हणजे त्या पायरीवर बसून, ते फोन टुणटुणत असताना, ती सगळं माहीत असलेली बाई होती. आणि तो डोलीतला म्हातारा, त्या पायी उतरणाऱ्या बायका, चौकीसमोरून जाताना 'रामराम हवालदार' म्हणणारे सगळे. सगळ्यांना माहीत होतं.

"मग कुणी बोललं का नाही रे? आणि ती तवशी?"

गणू हसला. "ते तिलाच इचारा. हितंच बसलीय."

फोन हातातून हातात गेल्याची खसखस ऐकू आली. मग तो खणखणीत आवाज. "बोला हवालदार."

"भागाबाई," मी म्हटलं, "तुम्हाला सगळं माहीत होतं, तरी दरसाल मला तवसं का पाठवत होतात?"

"तुमी इचाराल म्हणून."

"काय विचारीन?"

"सगळ्या दुनियेला इचारता ना तुमी. कुठं चाललास, काय बघितलंस, हातात काय हाय. मला मेलीला कधी इचारलंत नाय, बाई, तू काय बघितलंस म्हणून. तुमीच लिवलंत, तुमीच अंगठा घेतलात. मी दर पावसाला म्हणते, यंदा तवसं खाऊन तरी इचारील."

 मी म्हटलं, "भागाबाई, आज विचारतो. त्या दिवशी तुम्ही काय बघितलंत?"

पलीकडे जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"आता नको," ती म्हणाली. "गणूनं गाडी चालू केलीय. फोन ठिवा."

मी ठेवला.